बुरशीवर निळा वॉलपेपर

६ जुलै, शनिवार
आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणाऱ्या माणसाकडे नोंद पाहिजे.
आईनं सांगितलं, ३१ ऑगस्टपर्यंत खोली रिकामी कर. म्हणजे बोलली आई, पण शब्द क्लाइव्हचे. क्लाइव्ह तिचा नवरा. माझा कुणी नाही. त्याला माझ्या खोलीत माशांच्या टाक्या लावायच्यात. गरम पाण्यातले मासे. त्यांना सव्वीस डिग्री लागते म्हणे. मला किती लागते ते एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

७ जुलै
प्रश्न सुटला. एका दिवसात. विदर्नसी गावातल्या एका माणसाला माझी मोपेड दिली आणि त्याची कॅरव्हॅन घेतली, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे, पण चाकं चारही... दोन आहेत, दोन्ही गोल आहेत. मोपेडचे ब्रेक लागत नाहीत हे सांगितलं नाही. फसला. वर स्वतःच्या गाडीनं समुद्राजवळच्या शेतापर्यंत ओढून आणून दिली. जाताना हसत होता, बिचारा.
शेतवाल्यानं कुंपणाच्या कडेला जागा दिलीय. बदल्यात आठवड्यातून दोनदा त्याच्या डुकरांची घाण काढायची. ते बघू.

८ जुलै
आत वास येतो. ओल्या कुत्र्यानं ओलं ब्लँकेट पांघरल्यासारखा. पुढच्या खिडकीखाली भिंत जरा फुगली होती म्हणून बोटानं दाबली. बोट आत गेलं. दुसऱ्या पेरापर्यंत. बाहेर काढलं तर टोकाला काळा चोथा.
किरकोळ आहे. तीन दिवसांचं काम. मी कॅरव्हॅनच्या कारखान्यात सहा आठवडे होतो. हल शहरातली अर्धी माणसं तिथंच राबून मरतात, पण सहा आठवड्यांत सगळं शिकलेला मी एकटा. एका नव्या कॅरव्हॅनच्या भिंतीत मी खारवलेला मासा बंद करून पाठवला म्हणून काढलं. विनोद कळत नाही लोकांना.

११ जुलै
तीन दिवस झाले. अजून सुरुवात नाही. वारा होता.
शेजारच्या कॅरव्हॅनमध्ये लेन नावाचा म्हातारा राहतो. एकतीस वर्षं त्याच कारखान्यात सुतार. बायको डोरीन वारली, तेव्हापासून एकटाच. आज काठी घेऊन आला, माझ्या भिंतीवर टक टक करत गोल फिरला. डॉक्टर पेशंटची पाठ वाजवतो तसा. मग म्हणाला, ही कॅरव्हॅन नाही रे पोरा, हा ओला केक आहे.
मी म्हटलं, तुम्हाला बोलावलं होतं का?
म्हणाला, केकला माशी लागतेच.

१५ जुलै
लेन रोज येतो, फोल्डिंग खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन बसतो, आणि शिव्या देतो. गाढवा, आतून काय रंगवतोस, आधी पाणी कुठून शिरतं ते बघ. बाहेर तंबू अडकवायची पट्टी आहे, तिचे स्क्रू गंजलेत, तिथून शिरतंय. पट्टी काढ, खाली पाणी अडवणारं नवं सीलंट भर. मग आतलं पॅनल काढ, सगळं वाळू दे, कुजलेलं लाकूड काप, नवं बसव. वाळायलाच तीन आठवडे. समजलं का, भोपळ्या?
समजलं. पण मला ते आधीच माहीत होतं.

२३ जुलै
बाहेरची पट्टी काढली. म्हणजे लेननं काढली, मी स्क्रू धरले. मग आतलं पॅनल ओढलं तर लाकूड हातात आलं, खाली सांडलं. लेननं काठीनं चुरा बाजूला सारला. मग म्हणाला, कधीपर्यंत राहायला यायचंय?
सांगितलं, एकतीस ऑगस्ट.
घरी थोडे दिवस वाढवून नाही मिळणार?
मी म्हटलं, मागायला गेलं पाहिजे ना.
संध्याकाळी त्यानं त्याच्याकडच्या वाळलेल्या पाइनच्या पट्ट्या मापात कापून आणल्या, माझ्या दारात रचल्या. म्हणाला, आता वाळू दे, येत्या शनिवारी कुजलेलं कापायला सुरुवात करू. दोघांनी केलं तर होईल तुझ्या तारखेला.
बघा. माणसं कशी वापरायची ते माझ्याकडून शिकावं.

२६ जुलै, शुक्रवार
आजच्यासारखा हसलो नाही कधी.
लेनकडे ओल मोजायचं यंत्र आहे. दोन सुया भिंतीला टोचायच्या, ओल असली की बोंबलतं. माझ्याकडे टोचलं की ॲम्ब्युलन्ससारखं. त्याच्याकडे आवाजच नाही. बावीस वर्षांत थेंब नाही, हे तो दिवसातून चारदा ऐकवतो.
तर दुपारी तो चिप्स आणायला गेला. मी त्याच्या पलंगाजवळच्या भिंतीला ओला टॉवेल तासभर दाबून धरला. तो आल्यावर म्हटलं, लेन, तुमच्याकडे पण वास येतोय का हो जरा?
टोचलं. बोंबललं.
म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला की मला बाहेर जाऊन हसावं लागलं. चिप्स तशाच राहिल्या. परत आत डोकावलो तर छिन्नी घेऊन स्वतःच्या हातानं पॅनल उचकटत होता. वर डोरीननं निवडलेला फुलाफुलांचा वॉलपेपर होता, आता मिळत नाही तो. टर्रकन फाटला. आत लाकूड पांढरंशुभ्र, कोरडं खडखडीत. तो त्यावर हात फिरवत राहिला.
मग मी टॉवेल दाखवला.
हसला नाही. टॉवेल घेतला, पिळला, घडी घालून मला दिला. म्हणाला, "जा आता."
खुन्नस ठेवणाऱ्यातला नाही तो. उद्या शनिवार.

२७ जुलै
आला नाही. सर्दी असेल.

३० जुलै
सॉरी म्हणणार होतो. पण मग त्याला वाटलं असतं, माझं काही चुकलं. त्याऐवजी त्याच्या पायरीवर बिअरचा कॅन ठेवला. दुपारी बघितलं तर कॅन माझ्या पायरीवर. न उघडलेला.

३ ऑगस्ट
चांगली बातमी. लेन परत खुर्ची घेऊन बसायला लागला. आणि आता शिव्या नाहीत. मी बाहेरची पट्टी सीलंट न भरता जशीच्या तशी स्क्रूनं आवळली आणि वरून सिलिकॉन फासलं. विचारलं, बरोबर ना?
"झकास," म्हणाला.
शेवटी कारागिराला कारागिराची किंमत कळतेच.

१० ऑगस्ट
पाइनच्या पट्ट्या बसवायला किचकट आहेत. नवीन कल्पना. फुगणारा फोम. आतलं पॅनल परत ठोकायचं, भोक पाडून नळी आत घालायची, दाबायचं, भिंत भरली. कुजलेलं लाकूड काढायचीसुद्धा गरज नाही. सहा डबे मारले.
लेन चहा पीत म्हणाला, झकास. अजून एक मार.
सातवा मारला.

११ ऑगस्ट
भिंत रात्रीत फुगली. सातव्या महिन्यातल्या बाईसारखी दिसते बाहेरून. खिडकी आता मिटत नाही. हवा खेळती राहील.

१८ ऑगस्ट
जमिनीला भोकं सापडली, त्यातून वारा येतो. फोमनं बुजवली. आज पहिल्यांदा लेन खुर्चीतून उठून आत आला. काठीच्या टोकानं एक एक भोक परत मोकळं केलं. म्हणाला, गॅस गळला तर जायला वाट लागते. मरशील.
बास, एवढंच. परत जाऊन बसला.
जळतो माझ्यावर.

२५ ऑगस्ट
निळा वॉलपेपर लावला. सगळीकडे. बुरशी, फोम, जुनी भोकं, सगळं गेलं. वॉलपेपर काही ठिकाणी चिकटत नाही, तिथं पिना मारल्या. दारात उभं राहून डोळे बारीक केले तर हॉटेल वाटतं.
लेनच्या पाइनच्या पट्ट्या शेकोटीत गेल्या. थंडी होती.

३१ ऑगस्ट, शनिवार
गृहप्रवेश. आई आली. क्लाइव्ह गाडीतच बसला, इंजिन चालू ठेवून.
आईला सगळं दाखवलं. सगळं म्हणजे चार पावलं. तिनं खिडकीखाली भिंतीवर हात ठेवला, काढला, कोटाला पुसला. मग म्हणाली, छान निळा आहे रे. डोळ्यात पाणी आलं तिच्या. सिलिकॉनचा वास झोंबतो काहींना.
एक दुलई दिली, किटली दिली. बाहेर हॉर्न वाजला. ती म्हणाली, तू अगदी छान केलंयस सगळं. दोनदा म्हणाली.
अभिमान वाटला असणार.

२ सप्टेंबर
काल दुपारपासून पाऊस. आडवा, समुद्राकडून. सिलिकॉननं कमाल केली, आत गेलेलं पाणी बाहेर येऊच देत नाही. फोम स्पंजासारखा पितोय. वॉलपेपरचं पोट पाण्यानं लोंबायला लागलं, मी पिन काढली, तर दुलईवर सगळं.

३ सप्टेंबर, पहाट
पुढची भिंत गेली. मोठा आवाज नाही झाला. नुसतं कुणीतरी दमून बसावं तशी बसली. खिडकी एका बिजागरीवर. पलंगाचे पाय जमिनीतून खाली.
बाहेर आलो. लेन त्याच्या दारात उभा होता, कोरडा. मी पहिल्यांदा त्याला सरळ विचारलं. म्हटलं, "लेन, आता काय करू?"
त्यानं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे.
"काय करायचंय? झकास चाललं होतं की."
दार लावून घेतलं.

४ सप्टेंबर
पडलेल्या भिंतीवर ताडपत्री टाकलीय, शेतवाल्याची आहे. डुकरांवरची.
संध्याकाळी आईचा फोन. इकडे रेडिओवर फार पाऊस सांगतायत, म्हणाली. तुझ्याकडे ओल नाही ना आली आत?
मी फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हटलं बघू, ती आणखी काही म्हणते का. पाऊस तिला ऐकू जात असणार, मला तिकडचा टीव्ही ऐकू येत होता.
मग म्हटलं, "नाही. एकदम कोरडं आहे."
"मग बरं," आई म्हणाली.
फार पटकन म्हणाली.