यांचा गुडघा आणि माझा तिरंगा

१२ जुलै, शनिवार

यांनी आज जेवताना जाहीर केलं — या पंधरा ऑगस्टला तिरंगा मी धरणार नाही. डावा गुडघा धरलाय म्हणे. मराठी संघाचं निशाण पथक सुरू झालं तेव्हापासून सगळ्यांच्या पुढे तिरंगा घेऊन आमचे अनंतकृष्णरावच. मागे तंजावरच्या मराठ्यांचं म्हणून भगवं निशाण, दोन बाजूंना दोन भालेवाले, चौघंही अंगरखा-पागोट्यात. दर वर्षी यांचं पागोटं मी बांधून देते आणि मग खुर्चीत बसून टाळ्या वाजवते.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, "सेरी, बघूं." तमिळमधलं हे 'बरं' आलं, म्हणजे जाणार नाहीत.

खरं सांगायचं तर वाईट वाटायच्या आधी मनात आलं — मग मी का नाही? इतकी वर्षं मला हेच हवं होतं. कधी कुणाला बोलले नाही, इतकंच.

१३ जुलै

वेंकोबारावांना फोन केला. पथक त्यांच्या हातात. गिंडीच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले त्याला जमाना झाला, पण अजून बोलतात ते भोंगा वाजल्यासारखे. "कनका अक्का, काठी जड आहे. वर समुद्राचा वारा. तिरंगा कलला की माझी मान खाली. तुमीं आरतीचं ताट धरा की."

आरतीचं ताट! जन्मभर शाळेत पोरांना सरळ रांगेत उभं केलं, आणि मला एक काठी सरळ धरता येणार नाही?

१९ जुलै

गच्चीवर कपडे वाळत घालायचा बांबू आहे. हे पेपरात डोकं घालून बसले तेव्हा त्याच्या टोकाला चादर बांधली आणि येरझाऱ्या घातल्या. काठीचं बूड कमरेच्या पट्ट्यात, उजवा हात डोळ्यांसमोर, मनगट मोडायचं नाही. भगवं निशाण सलामीला झुकतं, तिरंगा कुणापुढे झुकत नाही. सगळी परीक्षा तिथेच आहे. चादर सारखी तोंडावर येत होती.

खाली आले तर हे म्हणाले, "चादर वाळली?" चेहरा अगदी गरीब.

२ ऑगस्ट

दंड सुजलेत. फार बरं वाटतंय.

३ ऑगस्ट

वेंकोबारावांनी परीक्षा घ्यायचं कबूल केलं! कसं काय, देव जाणे. काल हे त्यांच्याकडे कॉफीला गेले होते, तेवढंच.

संघाच्या हॉलमध्ये माझ्या हातात साधं कापड लावलेली काठी दिली, समोर उभा पंखा लावला, पूर्ण वेगात. काठी हलली नाही. बराच वेळ बघून म्हणाले, "पोदुम." पुरे. त्यांच्या तोंडून ही शाबासकीच. उद्यापासून पथकाबरोबर तालीम. हॉलमध्ये देवाची तसबीर आहे, त्यामुळे ती नेहमीप्रमाणे अनवाणी.

घरी सांगितलं तर यांनी कपाटातून स्वतःचा अंगरखा काढून माझ्या खांद्याला लावून पाहिला. मग हसले. संध्याकाळी तेल चोळून दिलं — आज उजवा गुडघा. आता तोही! वय झालं, दुसरं काय.

१५ ऑगस्ट

झालं! धरला!

अड्यारच्या शाळेचं मैदान. फाटकात कोलमची मोठी रांगोळी, मध्ये तेवत असलेली समई. आम्ही चौघं भाड्याच्या चकचकीत जुत्या घालून ऐटीत आलो आणि तिथेच घात झाला. समई दिसली, माझे पाय आपोआप जुत्यांतून बाहेर. पुढचीने काढल्या म्हणून मागच्या तिघांनीही काढल्या. तेवढ्यात वेंकोबारावांचा हुकूम सुटला. निघालो — वर जरीचा शेला, खाली उघडे पाय! वेंकोबाराव नुसते दात खात होते.

खडी टोचत होती. मधोमध वारा आला, कापड ताणलं, पण मनगट मोडू दिलं नाही. मागे निशाण सलामीला झुकलं असणार, कारण टाळ्या ऐकू आल्या. माझा तिरंगा सरळच राहिला. डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

पाहुणे भाषणात म्हणाले, पथकाने अनवाणी येऊन केवढा आदर दाखवला. वेंकोबाराव लगेच छाती काढून, "आमची पद्धतच आहे ती." आता दर वर्षी खडी तुडवायची.

१६ ऑगस्ट

लेकीने, सहानाने, फोनवर कालचा व्हिडिओ दाखवला. "अम्मा, मागं अप्पांना पाहा." आम्ही संथ पावलं टाकतोय, आणि मैदानाच्या कडेने हे — चारही जोड जुत्या छातीशी धरून — धावतायत. आमच्या आधी दुसऱ्या टोकाला पोचले, जुत्या ओळीने मांडल्या, आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

संध्याकाळी मी तेलाची वाटी घेऊन यांच्या शेजारी बसले. विचारलं, "कुठला गुडघा?"

यांनी आधी एका पायाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. मग म्हणाले, "तूच सांग की."