कवळीतलं नाव

पवनी, १२ नोव्हेंबर

प्रिय रीना,

हे पत्र लिहायला मला अकरा महिने लागले, त्याची आधी माफी मागतो. कागद तीनदा आणला आणि तीनदा नातवाच्या वहीत गेला. दोनदा फोनही लावला, पण तू उचलायच्या आत कापला. भिलाईला तुझ्या फोनवर पवनीचे ते दोन मिस्ड कॉल आले होते ना, ते माझेच. फोनवर मला नीट बोलता येत नाही. सातवी नापास माणूस आहे, चुकेल तिथे सांभाळून घे. तू बरी असशील, तुझ्या गुडघ्याचं दुखणं कमी झालं असेल, जावईबुवा वेळेवर गोळ्या घेत असतील, अशी आशा करतो. आशाच करतो, कारण हल्ली प्रत्येक गोष्टीची मला भीती वाटते.

डॉक्टरसाहेबांना शेवटचं नेलं त्या दिवशी तू एकच प्रश्न सगळ्यांना विचारत होतीस, बाबांची कवळी कुठे आहे. भंतेजी यायचे होते, अंगणात सतरंजी टाकली होती, आणि तू खाटेखाली, कपाटात, तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहत होतीस. सगळ्या पवनीला ज्यानं दात दिले, तो माणूस बसलेल्या तोंडानं जातो आहे, हे तुला पाहवत नव्हतं. मग शकुनबाई पुढे आली. चार वर्षं तिनं त्यांचा भात शिजवला, त्यांचे पाय दाबले. म्हणाली, सकाळी गिलासातलं पाणी मोरीत मीच टाकलं जी, त्यातच गेली असंन. तू तिला जे बोललीस ते मी दारात उभा राहून ऐकलं. तिनं मोरीत कोपरापर्यंत हात घातला, तेही पाहिलं. रीना, कवळी गिलासात नव्हती. ती माझ्या घरी होती. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

कशी होती, का होती, ते सांगतो. पण मला सरळ सांगता येत नाही, मागून यावं लागतं.

डॉक्टर मुंबईहून दातांचं शिकून परत आले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, एका लेकराचा बाप होतो आणि सायकलच्या दुकानात काम करत होतो. त्यांची पायानं चालवायची घासायची मशीन बिघडली म्हणून मला बोलावलं. दुरुस्त केली, ती चालवायला थांबलो, आणि पन्नास वर्षं थांबलो. डॉक्टर म्हणजे आसगावच्या धानाच्या बांध्यांवर मजुरी करणाऱ्या माणसाचा मुलगा. आमच्या गल्लीतले लोक तेव्हा त्यांच्या हातचं पाणी पीत नव्हते. माझ्या मायनंही मला आठ दिवस वेगळं वाढलं. पण दाढ ठणकली की तेच लोक त्याच हातापुढे तोंड उघडून बसायचे. डॉक्टर मला हळूच म्हणत, "सेवकराम, पाणी नाही चालत, बोटं चालतात. आपण बोटांपासून सुरुवात करू." पुढे माझी माय त्यांच्याच हातची कवळी घालून त्यांच्याच घरी चहा प्यायला जायची.

डॉक्टर, चिंधू हे नाव बदला, दवाखान्याच्या पाटीवर बरं दिसत नाही, असं त्यांना किती जणांनी सांगितलं. नाही बदललं. मायनं ठेवलं, म्हणत, तिला दुसरं काही देता आलं नसतं. तुझा पुढचा वाकडा दातही त्यांनी त्याचसाठी सरळ केला नाही, हे तुला माहीत आहे का? तू नववीत असताना रडत दवाखान्यात आली होतीस, डॉक्टरची पोरगी अन् वाकड्या दाताची, असं मुली चिडवतात म्हणून. तू गेल्यावर मला म्हणाले, "हा माझ्या मायचा दात आहे गा. तिचा फोटो नाही माझ्यापाशी." तुला त्यांनी का सांगितलं नाही कोण जाणे. दिवसभर लोकांची तोंडं पाहणारा माणूस घरच्यांसमोर स्वतःचं तोंड उघडताना लाजायचा.

एक वाजला की दवाखाना बंद. खुर्चीत आमदाराचा भाऊ असला तरी, "धुरपता जेवायची थांबली आहे" म्हणून तुझ्या आईकडे जायला उठायचे. रात्री जेवण झालं की तुम्ही बहीणभाऊ, तू आणि सुगत, आ करून उभे, आणि ते टॉर्च घेऊन मोजायचे. एकदा मला वाटलं, रोज मोजून यांना काय मिळतं, दात काय रात्रीतून पळून जातात? विचारलंही. म्हणाले, पोरं तोंड उघडून उभी राहतात तेवढा वेळ दोघंही माझ्याजवळ असतात.

हल्ली दुपारी पडलो की मला अड्याळचा रस्ता दिसतो. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं सायकलनं जायचो, माझ्या कॅरिअरला मशीन बांधलेली, त्यांच्या हँडलला पेटी. बोडीच्या तळ्यावर धुकं इतकं, की पाणी कुठं संपलं आणि धान कुठं सुरू झालं ते कळायचं नाही. स्वप्नात ते पुढे असतात, तरुण असतात, फक्त पाठ दिसते. मी पायडल मारत राहतो, अड्याळ येत नाही. मधेच ते काहीतरी बोलतात, पण शब्द लागत नाहीत, दात नसलेल्या माणसाचे जसे लागत नाहीत. मी जागा होतो तेव्हा बाहेर धान चुरायच्या, मळणीच्या मशीनचा आवाज असतो आणि माझी उशी घामानं ओली असते.

आता कवळीचं. आमच्या दवाखान्याची एक रीत होती. अड्याळच्या एका लग्नात दोन इवाई, मुलीचा बाप आणि मुलाचा बाप, एकाच तांब्यात कवळ्या ठेवून झोपले. सकाळी अदलाबदल झाली आणि दोघंही आठ दिवस आम्हाला शिव्या देत जेवले. तेव्हापासून प्रत्येक कवळीत मागच्या बाजूला पातळ कागदावर नाव लिहून वरून पारदर्शक मसाला भरायचा, असं डॉक्टरांनी ठरवलं. हरवली तर ज्याची त्याच्या घरी पोहोचावी. ती नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच लिहिली.

तुझी आई गेली आणि दोन-तीन वर्षांनी डॉक्टर रस्ते विसरू लागले. एकदा चालत आसगावच्या वाटेला लागले, नसलेल्या घराकडे. कोणी तरी मोटरसायकलवर आणून सोडलं. हे तुम्हा दोघांना कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. मागच्या नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी मला बोलावलं, शकुनबाई दळण आणायला गेली होती. कवळी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "यातलं नाव बदल." मी म्हटलं, काहून जी? म्हणाले, "मी आता भुलून राहिलो. माझं नाव लिहून काय फायदा, चिंधू तर गावात दहा असतील. मी कोणाचा आहे ते लिव. धुरपताचा, एवढंच लिव." मग हात धरला. "लेकरांना सांगू नोको. सुगत हसंन, रीना रडंन. शकुनबाईलेही नोको, ती साऱ्या आळीले सांगंन. दोन दिवस मी पेज पितो."

काम दोन तासांचं होतं, रीना. मी जुना कागद काढला, कवळीला चर पाडला आणि नाव लिहायला बसलो. अक्षर वाकडं आलं, फाडलं. दुसरं लिहिलं, शाई पसरली. उद्या करू, हात शांत झाल्यावर करू, असं करत पाच दिवस गेले. डॉक्टर पाचही दिवस पेज पीत राहिले आणि दातांचं विचारलं की शकुनबाईला म्हणायचे, भूक नाही. सहाव्या सकाळी सुगतचा फोन आला, बाबा गेले.

माझं घर तुमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. मी धावत जाऊन कवळी आणू शकलो असतो, चर पडलेली का होईना, लावता आली असती. मी स्वतःला सांगितलं, त्यांनी कोणाला सांगू नको म्हटलं आहे. ते खोटं होतं. मला भीती वाटली की तू विचारशील, पाच दिवस काय करत होतात काका? शेवटचे पाच दिवस त्यांना भाताचं शीत चावता आलं नाही ते माझ्यामुळे. म्हणून मी एका बाईला मोरीत हात घालू दिला.

कवळी नंतर मी पूर्ण केली. अक्षर वाकडंच आहे. तुझी वस्तू आहे, तू म्हणशील तिथे देईन.

सुगतचा परवा फोन आला, वर्षाच्या स्मृतिदिनाला काका तुम्ही दोन शब्द बोला म्हणाला. त्याच दिवशी बाजारात शकुनबाई भेटली. तिला म्हटलं, येशील ना. म्हणाली, कोणत्या तोंडानं येऊ जी, माझ्या हातानं त्यांचं तोंड गेलं. काल मी तिच्या घरी गेलो आणि हे सगळं तिला सांगितलं, तुला लिहितो आहे तसंच. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी संपवून तिनं दुसरी घेतली. मला वाटलं शिव्या देईल, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच म्हणाली, "मले सांगून काय होते. मी तर मानूनच बसली होती. रीनाताईले सांगा." म्हणून हे पत्र. स्मृतिदिन ४ डिसेंबरला आहे. मी यावं की नाही ते तू ठरव, मला उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. पण शकुनबाईला दोन ओळी लिही. तिची नात गुंजन वाचून दाखवेल, पत्ता मागे लिहिला आहे. फोन नको, कागदावरच लिही, तिला ते ठेवता येईल. टपालाला इथे पाच-सहा दिवस लागतात, तेव्हा आजच बसून लिही बेटा, उशीर करू नकोस.

तुझाच,
सेवकराम काका