बाबा राउफूंच्या अगबाद्यावरची अंडी

तीर्थस्वरूप मोसुन ताईस,

इजेबू गावच्या अंगणात पालथा पडून अकिनडेलेचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? आम्ही खुशाल, किंबहुना खुशालीच्याही पलीकडे गेलो आहोत, कारण ताई, आमची मांगूर मादी व्याली! (मासळी व्यात नाही, हे मलाही ठाऊक आहे, पण आनंदात व्याकरण कोण बघतो?)

पिल्लांच्या धंद्यासाठी तिला वर्षभर पोसली. अंग भरलं, पोट सुटलं, पण अंडी पिकायचं नाव नाही. रोज फडक्यात घेऊन तिचं पोट चाचपायचो. (सुबोमी म्हणाली, "माझ्या बाळंतपणात एवढी विचारपूस नव्हती हो केलीत!") शेजारचे बाबा राउफू कुंपणावरून विचारायचे, "काय अकिन, राणीसाहेबांना दिवस गेले, की नुसतंच अपचन?" त्यांना गृहप्रवेशाच्या मेजवानीतल्या तिखटजाळ पेपरसूपसाठी ती हवी होती. मीही एकदा वैतागून बोलून गेलो, "या पावसात नाही पिकली, तर न्या!"

गेल्या आठवड्यात मात्र पोट मऊ, गोल लागलं. संध्याकाळी अंडी सुटायची सुई टोचली. सकाळी तिला कोरडी पुसून मांडीवर घेतली, हलकेच दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मी रडायच्या बेतात, तोच बाबा हजर. अंगात पांढराशुभ्र, घोळदार अगबादा झगा, हातात सुरी. "शब्द म्हणजे शब्द," म्हणत त्यांनी सुरी पायरीवर ठेवली आणि तिला उचललं. ती उसळली, ते धडपडले, आणि तोल सावरताना त्यांनी तिला छातीशी जे कवटाळलं, ताई! मोहरीचं पोतं फुटावं तशी हिरवट अंड्यांची धार थेट अगबाद्यावर!

"मेलो! ही फुटली!"

"हलू नका बाबा! पाणी लागलं तर सगळं वाया जाईल!"

बाबा हात पसरून बुजगावण्यासारखे उभे. सुबोमी चमच्याने अंडी कोरड्या परातीत खरवडतेय, मी त्यांच्याच सुरीने नर कापतोय (बिचाऱ्याकडून बीज घ्यायचा दुसरा मार्गच नाही). मेजवानीत त्याचंच सूप झालं. दुसऱ्या दिवशी अंड्यांतून पापणीच्या केसाएवढे जीव वळवळू लागले, तेव्हा बाबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "माझ्या अंगाखांद्यावरची आहेत ही!"

तुझा धाकटा,
अकिनडेले

ता.क. पिल्लं न्हाणीघरातल्या टबात ठेवलीत, त्यामुळे घरात कोणाचीच आंघोळ झालेली नाही. त्यात इथे वीज नाही आणि हवेचा पंप बंद. तुझ्याकडे जनरेटर आहे.

ता.ता.क. शनिवारी सगळे येतोय, बादल्यांसकट. तुझा टब केवढा आहे?