कोकमाने घासलेला बाजा

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. आगबोटीवरून दोन-दोन वर्षांनी देवगडला यायचात आणि आलात की अख्खी आळी आपल्या पडवीत. सगळ्यांना तोंडाच्या बाजावर, म्हणजे माउथऑर्गनवर, सिनेमाची गाणी हवी असायची. ती तुम्ही वाजवायचात, पाहुण्याला पाणी द्यावं तशी. खरं वाजवणं दुपारी, माणसं पांगल्यावर. कुठल्याशा बंदरात एका काळ्या अमेरिकन खलाशाने शिकवलेलं. 'ह्येका ब्लूज म्हणतत,' एवढंच आईला सांगितलं होतंत. मी स्वयंपाकघरात वाटण वाटत असायचे, हात आपोआप थांबायचा. बाकीचे बाजा फुंकतात, तुम्ही श्वास आत ओढून वाजवायचात. सूर लागतो न लागतो तोच खाली वाकायचा, अगदी रडू फुटायच्या बेताला यायचा, आणि तिथेच तुम्ही ओंजळ मिटायचात. मग गप्प. किती वेळ गप्प राहायचं, हे तुमच्याइतकं कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. घाई म्हणून नाहीच!

शेजारच्या मुलग्यांना तुम्ही स्वस्तातले बाजे आणलेत, मला रिबिनी. मी एकदा मागितला तर म्हणालात, 'चेडवान बाजो वाजवूचो? लोक काय म्हणतले गो?' आणि तुमच्या बाजाला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही, तो उष्टा होतो, हा घरचा कायदाच होता.

मी बारा वर्षांची असेन. चतुर्थी तोंडावर आली म्हणून समया घासायला काढल्या होत्या. तुम्ही बंदरावर, आई शेजारी. मी तुमचा बाजाही घेतला, भिजवलेली कोकमं आणि राख लावून समईसारखा लख्ख घासला, बादलीत बुचकळला, उन्हात ठेवला. संध्याकाळी तुम्ही तो ओठाला लावलात तर नुसती घरघर. आतलं लाकूड फुगलेलं, पट्ट्यांत राख. आई मधे पडली, 'पोर आसा, चकचकीत होवक व्हयो म्हणान घासल्यान.' तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. 'हिका त्यातला काय कळता?' म्हणालात आणि बाजा कुंपणापलीकडे भिरकावलात.

बोटीवर परत जाईपर्यंत माझ्याशी धड बोलला नाहीत. त्याच सफरीत परमुलखातल्या इस्पितळात वारलात, घरी आली ती तुमची ट्रंक. अहो, अख्ख्या आळीत तुमचं वाजवणं कळणारी मी एकटी होते! आणि ते वाक्य नेमकं मलाच ऐकवलंत. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणे. मी धरते.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्ही असतात तर पुढचं लिहायला धजलेही नसते. चकचकीत व्हावा म्हणून मी तो घासलाच नव्हता, बाबा. घरात कुणी नव्हतं, मी बाजा तोंडाला लावला. श्वास आत ओढत राहिले. बराच वेळ नुसती हवा. आणि मग तो सूर वाकला, अगदी तुमच्यासारखा. उष्टा केलेला तुम्हाला कळेल, या भीतीने मी तो धुतला.