पंचवीसपैकी सतरा चकत्या

चि. डेलमार भावोजी यांस,

आर्डिस वहिनीचे अनेक आशीर्वाद. (तुम्ही सहासष्ट वर्षांचे झालात, पण मी या घरात आले तेव्हा तुम्ही दातांना तारा लावून हिंडत होतात, त्यामुळे आशीर्वाद देण्याचा माझा हक्क अबाधित आहे.) तुमचा रक्तदाब, आमच्या जाऊबाई फिलिसची कंबर आणि नव्या ट्रकचा गिअरबॉक्स हे तिघेही ठीक असतील अशी आशा करते. इकडे मी धडधाकट आहे. उजवा खांदा मध्यंतरी वांग्याच्या रंगाचा झाला होता, तो आता पिवळ्यावर आला आहे. डॉक्टर म्हणतात की पिवळा म्हणजे प्रगती.

पत्रास कारण की, शिकारीचा हंगाम उघडायला आठ दिवस उरलेत आणि तुम्ही जुलैत काय बोललात ते तुम्ही विसरला असाल. मी विसरलेले नाही. कुटुंबाच्या सहलीत, बटाट्याच्या सॅलडच्या टेबलापाशी, अकरा माणसांच्या देखत मी म्हटलं की यंदा मला मक्यातून फेझंट पक्षी हाकणाऱ्या रांगेत चालायचंय. त्यावर तुम्ही हसलात. हसा, हसण्याला माझी ना नाही. पण मग म्हणालात, "वहिनी, तुम्ही आपली गाडी घेऊन टोकाला या, कॉफीचा थर्मास घेऊन. रांगेत चालायचं असेल तर आधी हवेत उडणाऱ्या मातीच्या पंचवीसपैकी पंधरा चकत्या बंदुकीने फोडून दाखवा, मग बघू." एक्कावन्न वर्षं मी हंगामाच्या पहिल्या दिवशी चौदा माणसांचं जेवण रांधलं, एक्कावन्न वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमच्या टोप्या मक्यातून पुढे सरकताना पाहिल्या, आणि आता बढती कसली, तर टोकाला उभं राहून दुसऱ्यांनी हाकलेल्या फेझंटची वाट बघायची! तिथे कोण उभं राहतं हे आपल्या घराण्यात सर्वांना ठाऊक आहे : म्हातारे, आजारी, आणि मिनेसोटाहून आलेले जावई. (ते मक्याचं शेत सध्या कोणाच्या नावावर आहे हा विषय मी काढणार नव्हते, आणि काढतही नाहीये.)

तर मी त्याच आठवड्यात वेंडेलची दुनळी बंदूक बाहेर काढली. तुमच्या भावाने ती तीस वर्षं लेकीसारखी जपली, पण ती सव्वासहा फुटी माणसासाठी बनवलेली आहे आणि मी पाच फूट दोन इंच. दस्ता इतका लांब की काखेत धरावा तर नळी दुसऱ्या तालुक्यात. कुंपणावर डबे मांडून चार बार काढले. डबे जागच्या जागी राहिले, मी मात्र राहिले नाही. डॉक्टरांनी खांदा पाहून सांगितलं की एकतर हा नाद सोडा, नाहीतर झटका स्वतःच गिळणारी बंदूक बघा. म्हणजे एक बार झाला की त्याच्याच जोरावर रिकामं काडतूस फेकून दुसरं भरणारी. जोर त्या कामात खर्च होतो आणि खांद्याच्या वाट्याला उरलेलं येतं. मला ही कल्पना फार पटली. घरात ज्याने आदळआपट करायची त्यालाच त्या जोरात पुढचं काम करायला लावायचं, हे मी वेंडेलवर कित्येकदा करून पाहिलं होतं.

कर्टिस आठवतो का, बियाण्यांचा धंदा मोडून बंदुकांचं दुकान काढलेला? त्याच्याकडे गेले. "नवऱ्यासाठी बघताय का, काकू?" म्हणाला. मी म्हटलं, नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली, तो जिथे आहे तिथे बहुधा हंगाम नसतो. त्यावर बिचारा लाल झाला आणि त्या लाजेच्या भरात त्याने गुलाबी दस्त्याची एक बंदूक पुढे केली. ही खास बायकांची, म्हणे. मी विचारलं की हे फेझंटला माहीत आहे का. ती परत फडताळात गेली. मग त्याने पाऊण तास समजावलं की या बंदुका दोन जातींच्या. एक बारातल्या वायूवर चालते : अंगाने जड, स्वभावाने मवाळ, पण आतून काजळी धरते. दुसरी स्प्रिंगवर आणि स्वतःच्या झटक्यावर चालते : हलकी, स्वच्छ, पण तापट. आपल्या घराण्यातल्या पुरुषांचीही हीच वाटणी आहे, तेव्हा मला समजायला वेळ लागला नाही. वेंडेल पहिल्या जातीचा होता. तुम्ही कोणत्या हे मी लिहीत नाही.

कर्टिसने वापरून बघायला पहिली जात दिली आणि म्हणाला, साफ ठेवा, तेलाचे दोनच थेंब पुरेत. इथे माझी चूक झाली, ती कबूल करते. जन्म कापणीयंत्रांच्या संगतीत गेला. हलतं त्याला ग्रीस, ही आमची श्रद्धा. दोन थेंबांवर माझा विश्वास बसेना. मी कोठारातली ग्रीसची पिचकारी आणली आणि हात राखून न ठेवता काम केलं. गुरुवारी गावच्या नेमबाजी क्लबात गेले, पाचव्या चकतीला बंदुकीने जांभई दिली आणि तोंड मिटेना. (ऑगस्टची धूळ आणि ग्रीस यांचं आत लग्न लागलं होतं.) गेलर्ड ओस्टबी, जो क्लबाचा कारभारी आणि चर्चचा वडीलधारी आहे, त्याने ती उघडून बराच वेळ आत पाहिलं. म्हणाला, "आर्डिस, यात डोनट तळता येतील." त्या दिवशी पंचवीसपैकी तीन. त्यातली एक, चकत्या उडवणाऱ्या यंत्रातूनच फुटून आली होती असं काहींचं म्हणणं आहे.

मग दुसरी जात. हलकी म्हणावी तर इतकी की मी प्रेमातच पडले. पण ही बंदूक खांद्याला घट्ट धरून विश्वासाने चालवली तरच दुसरं काडतूस भरते, आणि माझा खांदा त्या वेळी हिरव्यावर होता, त्यामुळे मी तिला जरा लांबूनच धरत होते. तिला ते कळलं. चकत्यांची हलकी काडतुसं ती भरेना. जड घातली तर भरायची, पण वर लाथ मारायची. शिवाय रिकामं काडतूस ती उजवीकडे भिरकावते, आणि रांगेत माझ्या उजवीकडे उभा होता गेलर्ड. एक गरम काडतूस त्याच्या कॉलरमधून थेट आत गेलं. (त्याची बंदूक उघडी आणि रिकामी होती, देवाची कृपा.) चर्चमध्ये आमच्याकडे नाचायची पद्धत नाही, त्यामुळे गेलर्डला नाचता येतं हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याने चर्चमध्ये न चालणारा एक शब्दही वापरला. पण खरी गंमत पुढे. नियम असा की जमिनीवर पडलेलं काडतूस क्लबाचं. गेलर्ड काडतुसं पुन्हा भरून वापरतो, त्याला एकेक सोन्याचं वाटतं. त्याचं म्हणणं, हे जमिनीवर पडलेलंच नाही, माझ्या सदऱ्यात पडलंय. मी म्हटलं, काडतूस माझं. खजिनदार म्हणाला, क्लबाचं. पाच जण, रणरणतं ऊन, आणि सभा वीस मिनिटं चालली. शेवटी ठरलं की सदरा क्लबाच्या मालकीचा नाही, सबब काडतूस गेलर्डचं. त्याने ते पोळलेल्या पाठीनिशी खिशात घातलं. त्या दिवशी माझ्या आठ झाल्या.

घरी येताना मात्र मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन रडले, हेही लिहून टाकते. आठाच्या पंधरा कशा होणार? म्हटलं, आर्डिस, सँडविचं कर आणि गप्प बस. मग विचार केला की एक्कावन्न वर्षं तेच तर केलं. गाडी वळवली आणि कर्टिसला सांगितलं की दोन्ही परत घे, मला अजून हवी तशी मिळालेली नाही.

तिसरी बंदूक दुकानातली नव्हे. क्लबातल्या एका बाईने आपली वापरायला दिली (नाव विचारू नका, सांगेन). वायूवर चालणारी, पण लहान नळीची, वीस बोअरची, म्हणजे बारीक तोंडाची आणि कमी लाथेची, आणि दस्ता इंचभर कापलेला. खांद्याला लावली आणि मान न वाकवता डोळा सरळ नळीच्या रेषेत आला. तिने मला एकच गोष्ट शिकवली : नळीकडे बघायचं नाही, चकतीकडे बघायचं, आणि तिच्या पुढे जाऊन चाप ओढायचा. आणि तेलाचे दोनच थेंब, ते मी मोजून घालते. त्या आठवड्यात अकरा, पुढच्या आठवड्यात चौदा (त्या रात्री भांडी जरा जोरातच घासली), आणि काल, वारं उलटं असताना, सतरा. गेलर्डच्या सहीचं कार्ड सोबत जोडलं आहे. सही करताना तो म्हणाला, "डेलमारला सांग, मी मोजल्यात. दोनदा." तसलीच बंदूक मी कर्टिसकडे मागवली आहे, पुढच्या शुक्रवारी येते. रंग तपकिरी.

तेव्हा पुढच्या शनिवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला, मी रांगेत असेन. नियमाने मारायचे ते फक्त नर, पण कोंबडा कोणता आणि मादी कोणती हे मला ओरडून सांगायची गरज नाही. माझ्या अंगणात दोन्ही येतात. बाकी सर्वांस यथायोग्य. उत्तर पाठवू नका, थेट या.

आपली वहिनी,
आर्डिस

ता. क. : रांगेत जागा कुठे, असं तुम्ही म्हणाल. ती आहे. गेल्या वर्षी तुम्ही तुमच्या आणि कुंपणाच्या मध्ये वेंडेलची जागा रिकामी ठेवलीत. मानासाठी ठेवलीत, मला कळलं, आणि खिडकीपाशी मी हातातली बशी खाली ठेवून उभी राहिले. पण भावोजी, सगळे कोंबडे त्या फटीतून निसटले. मी अकरा मोजले. वेंडेलने तुम्हाला शिव्या घातल्या असत्या. मला तो इतका आठवतो की ती जागा रिकामी बघवत नाही. तिथून मी चालेन.

आणखी ता. क. : आता नाव सांगते. ती बंदूक तुमच्याच पलंगाखालची आहे, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्हीच फिलिसला दिलेली, आणि 'पुढच्या वर्षी नेऊ' म्हणून बारा वर्षं तिथे पडलेली. फिलिस दर गुरुवारी चर्चच्या बायकांबरोबर गोधडी शिवायला इकडे येते असं तुम्हाला वाटतं. तीन महिने शिवली जाणारी गोधडी तुम्ही एकदाही बघायला मागितली नाहीत! काल तिच्या एकवीस झाल्या. तेव्हा मुख्य विनंती ही की रांगेत जागा एक नव्हे, दोन ठेवाव्यात, आणि जेवणाचं तुमचं तुम्ही बघावं. खालची ओळ तिने इथे माझ्या टेबलाशी बसून स्वतः लिहिली आहे.

डेल, जिना उतरताना तू गुडघा धरतोस आणि मी बघत नाही असं तुला वाटतं. यंदा तू टोकाला उभा राहा. आम्ही दोघी कोंबडे हाकत तुझ्याकडे आणतो. – फिलिस