संध्याकाळी सहाची मोकळी वाट

भिंगार, रविवार

प्रज्ञावहिनींना सप्रेम जय भीम. दादाचा खोकला थांबला का? इकडे गुडघा सोडून सगळं ठीक.

घरात आलं ते असं: नवा राउटर, सात हजार चारशे नव्याण्णव (एवढ्यात शिलाई मशीन आलं असतं), वायर नि खिळे, सत्तर, बसवणाऱ्याचा चहा, दहा. हा खर्च मी आईसाठी होऊ दिला. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून डॉक्टरांनी माझी एसटी बंद केलीय, सोनईला येणं नाही, आणि सहाला फोनवर आईचं तोंड बघावं तर नेमकं अडकतं. (तुम्हीच दर वेळी म्हणता, "ताई, नेट न्हाई, ठेवते.")

पंकज म्हणाला, ह्या डब्यातून दोन वाटा निघतात. पण त्याचा नि सायलीचा नवा फोन दोन्ही वाटा एकदम धरतो, आणि माझा जुना फोन एकाच वाटेचा, तोही इतका भिडस्त की हवेत दुसऱ्या कोणाचं चालू असलं की गप्प उभा. मी म्हटलं, विहारात खीर वाढताना कोणी दोन्ही हातांत वाट्या धरल्या तर चालेल का? "आई, ही खीर न्हाई." "पंगत तर हाय ना?" मग नियम केला. सहाला नव्या फोनांनी एकच वाट धरायची, दुसरी माझी. माझं बोलणं झालं की ज्याला हवी त्याने घ्यावी, वाया घालवू नये. सायली दोन दिवस फुगून होती. ह्यांना नियम कळलाच नाही. हे फोनबरोबर पंखाही बंद करून बसले.

शुक्रवारी चित्र इतकं स्वच्छ आलं, की आईच्या उशीवरचे टाके मोजता आले. विचारलं, "आई, जेवलीस का?" तिने मला नीट न्याहाळलं आणि तुमच्याकडे वळून म्हणाली, "ही कुनाची बाई हाय?"

तुम्ही म्हणालात, "ताई, नेट न्हाई," आणि फोन ठेवलात.

घरात मीही तेच सांगितलं. पंकजने डबा दोनदा बंद-चालू केला. सायलीने न सांगता आपला फोन बंद करून ठेवला.

तुमची नणंद,
भामा

ता. क. डबा सात दिवसांत परत केला तर पूर्ण पैसे मिळतात, असं पंकज म्हणतो.

दुसरा ता. क. वहिनी, राग नाही. तुमच्या जागी मीही नेटचंच नाव घेतलं असतं. पण आई मला कधीपासून ओळखत नाही, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी तिला जरा भान असतं, एवढं लिहा. त्या वेळेला पोचेल अशी रिक्षा ठरवते, भाडं पडेल ते पडो. फोनवर सांगू नका, उलट टपाली कळवा.