तुमच्या खिशातली काडेपेटी

बाबा,

गेल्या रविवारी दुपारी आईने तुम्हाला बघितलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, खाकी शर्ट घालून, खडकीच्या आपल्या क्वार्टरच्या दारात सायकल धरून उभे होतात. तिने चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला आणि म्हणाली, "उंची जास्त झाली." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या उंचीबद्दल तक्रार करू शकतील अशी माणसं आता आम्ही दोघीच उरलोय, आणि त्यातली मी भरवशाची नाही. हे तुम्हाला नीट सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे.

मी काय काम करते ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि पुढे बँकेच्या परीक्षा देईन असं तुम्ही धरून चालला होतात. बँक राहिली. मी खराडीतल्या एका ऑफिसात व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहिते. हे ऐकून तुम्ही काय केलं असतंत ते मला दिसतं. तुम्ही आईकडे बघितलं असतंत. पण तसा दोष तुमच्याकडेच जातो. जुन्या बाजारातून टीव्हीला जोडायचा तो गेम तुम्हीच आणलात, एकच कॅसेट असलेला, बटणं दाबून दाबून गुळगुळीत झालेला. मी खेळायला बसले की तुम्ही खुर्ची ओढून मागे बसायचात, हातात चहाची बशी. एकदा पडद्यावरचा उड्या मारणारा माणूस खड्ड्यात पडून मेला आणि परत पहिल्यापासून चालायला लागला. तुम्ही विचारलंत, "हा तर मेला होता ना? मग परत काहून चालून राहिला?" मी म्हटलं, त्याला तीन जीव असतात. तुम्ही बशीतला चहा संपवलात. "बरं आहे याचं," म्हणालात आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेलात. हे मला पक्कं आठवतं. निदान परवापर्यंत तरी मी 'पक्कं' हा शब्द बिनधास्त वापरत होते.

हल्ली एका वेगळ्या प्रकारच्या गेमला मागणी आहे. त्यात मारामारी नसते, शर्यत नसते. एक बंद घर असतं, आणि खेळणाऱ्याने त्यात हिंडून, कपाटं उघडून, वस्तू उचलून बघून, त्या घरात पूर्वी काय घडलं ते शोधायचं. असा एक गेम करायचं ठरलं तेव्हा मी आपली क्वार्टर सुचवली. दारूगोळा कारखान्यात काम करणारे वडील, ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी परत आलेली मुलगी. सगळ्यांना आवडलं. मी का सुचवलं ते मात्र मी मीटिंगमध्ये बोलले नाही. तुम्ही गेल्यावर आपल्याला ती क्वार्टर सोडावी लागली, पुढे ती अख्खी ओळच पाडली, आणि मला एकदा परत त्या स्वयंपाकघरात जायचं होतं. पगार घेऊन जाता येत असेल तर कोण सोडतं?

घर उभं करायला लागलो आणि तिथेच गडबड सुरू झाली. गोष्ट लिहिताना जे आठवत नाही ते गाळता येतं. 'आई ओट्याशी उभी होती' एवढं लिहिलं की झालं, ओट्याखाली काय होतं ते कोणी विचारत नाही. गेममध्ये खेळणारा खाली वाकून बघतो. तिथे काहीतरी असावंच लागतं. कॉम्प्युटरवर घराची चित्रं काढणारी मुलगी, माझ्या निम्म्या वयाची, रोज प्रश्न घेऊन यायची. मॅम, पिठाचा डबा कुठल्या हाताला? मॅम, खिडकीला पडदा की नुसते गज? मॅम, सर घरी आल्यावर शर्ट कुठे अडकवायचे? 'माहीत नाही' या उत्तराचं चित्र काढता येत नाही, म्हणून मी उत्तरं देत गेले. अर्धी आठवून, अर्धी ठोकून. तिने आपणहून भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर लावलं होतं, ते मी उतरवायला लावून बुद्धाची तसबीर लावून घेतली. तेवढं एक मला शंभर टक्के माहीत होतं.

मग टीमचा मुख्य आला. हुशार मुलगा आहे, हातात कायम कॉफी. म्हणाला, "मॅम, घर मस्त झालंय, पण फादर फारच फ्लॅट आहे. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. त्याचं काहीतरी सीक्रेट हवं ना." मला हसू आलं. तुमचं सगळं आयुष्यच सीक्रेट होतं. कारखान्यात काय करता असं विचारलं की तुम्ही "काम" म्हणायचात, आणि फार खोदून विचारलं तर "लय काम" म्हणायचात. आतलं बाहेर बोलायचं नाही हा तिथला नियम तुम्ही इतका पाळलात की बाहेरचंही फारसं बोलला नाहीत. नागपूरकडचं गाव सोडून इथे आलात त्याचं काय वाटलं, माझ्यानंतर दुसरं मूल का नाही झालं, पुण्याची माणसं तुम्हाला कशी वाटली, यातलं मला काहीच माहीत नाही. म्हणून मी तुम्हाला एक गुपित दिलं. गेममध्ये खुंटीवर तुमचा खाकी शर्ट असतो. त्याच्या खिशात एक काडेपेटी सापडते. तिच्यावरच्या छापावरून मुलगी पुणे स्टेशनबाहेरच्या एका चहाच्या दुकानात पोचते, आणि तिला कळतं, की बाजारात जातो सांगून तिचे वडील दर रविवारी तिथे जाऊन बसायचे. विडी ओढत नागपूरची गाडी सुटेपर्यंत बघायचे आणि घरी यायचे. कधीही चढले नाहीत.

खेळून बघायला बोलावलेली पोरं त्या जागी रडली. मीही रडले, आणि तिथेच न थांबता पुढे गेले. मला तुमच्या शर्टाचा विडीचा वास आठवायला लागला. रविवारी तुम्ही उशिरा परत यायचात हे आठवायला लागलं. एकदा मैत्रिणीच्या घरी जेवताना मी ही स्टेशनची गोष्ट सांगितली. गेममधली म्हणून सांगितली नाही. माझे वडील असे होते म्हणून सांगितली. मी खोटं बोलत होते असंही नाही, बाबा. त्या वेळी मला ते खरंच आठवत होतं. तुम्ही गेलात त्यानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला वाटलं की तुम्ही मला थोडे कळलात. त्या आनंदात मी होते.

आईला दाखवायचं मी टाळत होते. माझ्याकडेच असते ती, दिवसभर गॅलरीत बसून सोसायटीच्या वॉचमनच्या चुका काढते. रविवारी तीच म्हणाली, "लोकांले दाखवतेस, मग मला काहून नाही?" मी तिला शेजारी बसवलं, माऊस माझ्या हातात. ती सांगेल तिकडे मी वळत होते. उंचीचं बोलून झाल्यावर ती आत शिरली. डबा इथे नव्हता, म्हणाली. खिडकीला पडदा होता, तिच्या जुन्या लुगड्याचा. ओट्यासमोर थांबायला लावलं आणि पडद्यावरच्या त्या ओट्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, हिला त्रास होतोय, बंद करावं. मग म्हणाली, "चल पुढे." मी खुंटीपाशी गेले, शर्टाच्या खिशावर बाण नेला, आणि काडेपेटी बाहेर आली.

"हे काय?"

"काडेपेटी. बाबांच्या खिशातली."

"यांच्या खिशात काडेपेटी?" आई माझ्याकडे वळली. "काहीतरीच काय बोलून राहिली. अगं, दारूच्या कारखान्यात जाणारा माणूस. गेटावर काडेपेटी सापडली असती तर नोकरी गेली असती त्यांची."

"मग विडी..."

"विडी माझे वडील ओढायचे. तुझ्या बाबांनी उभ्या जन्मात ओढली नाही." मग म्हणाली, "आणि हे तू विचारतेस? रोज सकाळी तूच तर तपासायचीस त्यांना."

मला काही कळलं नाही. आईला वाटलं मी गंमत करतेय. मग तिने सांगितलं. कारखान्याच्या गेटावर तुमची झडती व्हायची, काडेपेटी, किल्ल्या, नाणी, काही राहिलंय का बघायला. चुकून काही राहू नये म्हणून तुम्ही निघण्याआधी घरीच दारात खिसे उलटे करायचात. आणि मी चालायला लागले तेव्हापासून ते काम माझं होतं. तुम्ही हात वर करून उभे राहायचात, "साहेब, बघून घ्या," म्हणायचात, आणि मी खुर्चीवर चढून तुमचे खिसे चाचपायची. एका खिशात तुम्ही मुद्दाम एक लिमलेटची गोळी ठेवलेली असायची. ती सापडली की मी "जप्त" म्हणायची आणि तोंडात टाकायची. तुम्ही हात जोडून माफी मागायचात, मग मी तुम्हाला सोडायची. "रोज," आई म्हणाली. "पाणी भरायचं सोडून मी बघत उभी राहायची. शाळा सकाळची झाली तुझी, मग बंद पडलं."

तेव्हा मला एक गोष्ट आठवली, आणि ती खरी आहे, कारण गेममध्ये ती कुठेच नाही. मी मोठी झाल्यावर, दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी असले की, तुम्ही दारात उभे राहून स्वतःचे खिसे चाचपायचात. आधी वरचा, मग दोन्ही बाजूंचे. चाचपून झालं तरी क्षणभर तिथेच थांबायचात, आणि मग सायकल काढायचात. मला वाटायचं, यांचा विसरभोळेपणा. मी तुमची नक्कल करून आईला हसवायची. तुम्ही कशासाठी थांबत होतात ते मला कळायला तुम्हाला जाऊन इतकी वर्षं व्हावी लागली, आणि तेही आईने सांगितलं तेव्हा कळलं. बाबा, मला फार वाईट वाटलं. नागपूरच्या गाडीकडे बघत बसणारा माणूस मी मेहनतीने तयार केला, त्याच्यासाठी रडले, आणि आपल्याच दारात रोज सकाळी उभे असलेले तुम्ही मला दिसला नाहीत.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी काडेपेटी काढा म्हणून सांगितलं. मुख्य म्हणाला, "मॅम, हे कोणाच्या लक्षात येणारे?"

"खडकीतल्या प्रत्येक घराच्या."

"ते लोक गेम खेळतात?"

"नाही. पण त्यातली एक माझ्याकडे राहते."

मग मी त्याला लिमलेटचं सांगितलं. कशाला सांगितलं देव जाणे. त्याचे डोळे चमकले. "मॅम, हे तर सोनं आहे. सुरुवातीलाच टाकू. छोटी मुलगी खिसे तपासते, तिथेच खेळणाऱ्याला खिसे कसे तपासायचे ते कळतं." त्याचं बरोबर होतं, माझ्या डोक्यात तो प्रसंग तोपर्यंत लिहूनही झाला होता. पण मी नाही म्हटलं. कारण मग ती घर काढणारी मुलगी प्रश्न घेऊन येणार. मॅम, गोळी कुठल्या खिशात? कागदात गुंडाळलेली की सुटी? सर हसायचे की गंभीर राहायचे? मी उत्तरं देणार, आणि वर्षभरात त्या उत्तरांनाच आठवण म्हणायला लागणार. आता खुंटीवरच्या शर्टाचा खिसा रिकामा आहे, स्टेशन आणि चहाचं दुकानही गेलं. रिकाम्या खिशाला बाण लावला की काहीच होत नाही. टीम माझ्यावर नाराज आहे, दुसरा शेवट शोधायचं काम चालू आहे. मी त्यांना म्हटलं, काहीही करा, वडिलांना त्यात घेऊ नका.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर मी हे पत्र निदान आईला वाचून दाखवलं असतं. पण रविवारपासून ती सारखी विचारते. चहा घेताना, टीव्ही लागलेला असताना, "तुला आठवतं ना गं, तपासणी?" मी पहिल्यांदा 'थोडं थोडं' म्हटलं. दुसऱ्यांदा विषय बदलला. काल संध्याकाळी मेथी निवडताना तिने परत विचारलं, आणि या वेळी तिने हात थांबवले होते. घाबरली होती ती. तिला आठवतंय ते घडलं होतं, हे सांगायला जगात दुसरं कोणी नाही आणि तिला ते माहीत आहे.

मी म्हटलं, "आठवतं तर. केशरी असायची गोळी."

तिचा चेहरा उजळला. "हो," ती म्हणाली. "केशरीच. पांढरी कधी आणली नाही त्यांनी." आणि मग रात्रीचं जेवण होईपर्यंत ती तुमच्याबद्दलच बोलत राहिली.

मला काही आठवत नाही, बाबा. केशरी रंग मी तिथल्या तिथे, तिच्या तोंडाकडे बघून ठरवला.